थोपटबाई

खरं सांगायचं तर त्या अनाथाश्रमात मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. धाकटी बहीण मूल दत्तक घेणार, तेही दुसऱ्या देशातून, आणि तिथल्या लोकांनी तिला वर्षानुवर्षं नुसतं ताटकळत ठेवलेलं. हे आणा, ते आणा, घराचा फोटो काढा, पुन्हा काढा, यात न्हाणीघर दिसत नाही. म्हटलं, एकदा समोर जाऊन बघतेच ही कोण मोठी माणसं लागून गेलीत! तशी आम्ही दोघी बहिणी मूळच्या त्या आश्रमाच्याच मुलखातल्या, लग्नं झाली आणि एकीमागून एक परदेशात गेलो. त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. भांडण तर काय, आपल्या भाषेतच रंगतं.

माझी तिकडे लाँड्री आहे. उभा जन्म लोकांचे कपडे धुण्यात गेला, त्यामुळे माणसाचं घर कसं आहे ते मला त्याच्या चादरीवरून कळतं, तोंडावरून नाही. डाग दिसला की माझं डोकं फिरतं. मी शाईचा काढते, गंजाचा काढते, पोरांनी पुसलेल्या डिंकाचासुद्धा काढते. आणि माझी खळ! तांदळाची पेज, तीत लिंबाची साल आणि लवंगा उकळून गाळलेल्या. तसली खळ आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला जमत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बाई, तुमच्या दुकानाचा वास दोन चौक आधी येतो. येऊ दे की, फुकटची जाहिरात!

धाकटी माझ्या अगदी उलट. दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात हातात आणि स्वतःचे ओठ मिटलेले. तिचा नवरा चष्म्याच्या काचा घासतो, भला माणूस आहे, फक्त स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसतो. मागे एकदा एक बाळ यांना ठरलं होतं. पाळणा रंगवून झाला, आणि ऐनवेळी बाळाचे कोणी नातेवाईक निघाले. हातातोंडाशी आलेला घास गेला. तो पाळणा माझ्या दुकानाच्या माळ्यावर आला तो आजतागायत तिथंच आहे. तेव्हापासून धाकटीच्या मनाने घेतलं, की बोललं म्हणजे बिनसतं. कुणाला काही सांगायची नाही, मलासुद्धा नाही. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथंच आहे.

झालं असं, की आम्ही निघायच्या दोनेक महिने आधी ती एक गाठ मारलेली पिशवी माझ्या दुकानात ठेवून गेली. "ताई, ही त्या आश्रमाच्या पत्त्यावर पाठव ना. त्यांनी मागितलीय." एवढंच. आता पिशवी दिसली की गाठ सोडायची, हा आमच्या धंद्याचा गुण म्हणा की अवगुण. आत उशीचा अभ्रा. आणि कसला? तेलकट, मळका, एका कोपऱ्यावर रडून पडलेले चट्टे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाँड्रीवालीची बहीण, आणि परक्या लोकांना असला अभ्रा पाठवते? आपल्या घराची काय अब्रू राहील? मी तो गरम पाण्यात बुडवला, चट्टे चोळले, ठेवणीतली खळ घातली, कडक इस्त्री केली. अभ्रा असा झाला, की उभा केला तर उभा राहील. मग पाठवला. धाकटीला सांगितलं नाही. डाग काढला म्हणून कोणी गावभर दवंडी पिटत नाही.

तर असे आम्ही तिघं आश्रमाच्या दारात उभे. एका बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला बेकरी, मध्ये ही जुनी दुमजली इमारत. धाकटी दारावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होती. तिचा नवरा म्हणाला, "बेकरीशेजारी वाढलेली पोर, म्हणजे फुगूनच मिळणार." तो हसला. आम्ही नाही.

संचालिका बाई बुटक्या, भरभर बोलणाऱ्या. त्या चहाचं विचारत होत्या आणि माझी नजर आतल्या दोरीवर. आधी मी चादरी बघितल्या. काय सांगू! जुन्या होत्या, विरलेल्या होत्या, पण एकही मळकी नाही. फाटलं तिथं ठिगळ, आणि ठिगळ असं, की मूल त्यावर झोपलं तर शिवण गालाला टोचू नये म्हणून दुमडून आतल्या अंगाला घेतलेलं. प्रत्येक पोराच्या कपड्याला आत वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एकेक टाका. "एकाचे कपडे दुसऱ्याला घालत नाही आम्ही," संचालिका म्हणाल्या. "इथं दुसरं काही मुलांच्या मालकीचं नसतं. निदान बनियन तरी स्वतःची असावी." मी तोंड उघडलं होतं काहीतरी खोट काढायला, ते तसंच मिटलं. चांगल्याला चांगलं म्हणायला माझी जीभ जरा वेळ लावते, पण म्हणते.

मग पोरांना सांभाळणारी बाई आली. उंच, हाडकुळी, पायात पुरुषी चपला, अंगात निळा एप्रन, त्याच्या खिशात चमचा आणि फणी. तिच्या पायाला मिठी मारून एक पोर. तीन वर्षांची असेल नसेल. केस आखूड, डोळे सगळीकडे. ही आमची भिंगरी. नाव आश्रमानेच ठेवलेलं, कारण खूश झाली की ती स्वतःभोवती गिरक्या घेते आणि पडते.

धाकटी गुडघ्यावर बसली. तिने हात पुढे केले. किती वर्षं ते हात तिने आवरून धरले होते, मला ठाऊक आहे. भिंगरीने बघितलं आणि त्या बाईच्या एप्रनमध्ये तोंड खुपसलं. "घाई नाही," बाई म्हणाली, "तिला वेळ द्या." ठीक आहे. मी म्हटलं, चला, मी जरा गंमत करते, आणि पोरीपुढे बोट नाचवलं. पोरीने बोट धरलं. नाकाशी नेलं. मग दुसरं बोट, मग तळहात, आणि एकदम एप्रन सोडून माझ्या कमरेला येऊन चिकटली.

 कोपऱ्यात बटाटे सोलत बसलेल्या स्वयंपाकीणबाई हसून म्हणाल्या, "घ्या! माय मरो, मावशी जगो!" म्हण आपली सगळेच बोलतात, बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण धाकटीचा चेहरा उतरलेला मी पाहिला. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी गोड वाटत होतं. मला माझी पोरंबाळं नाहीत. असं कुणी येऊन चिकटलं नव्हतं मला कधी.

त्या आश्रमात मूल एकदम हवाली करत नाहीत. एकेक काम देतात. आधी भरवणं. ते जमलं की आंघोळ. मग कपडे, केस. आणि सगळ्यात शेवटी झोप. एकदा काम नव्या आईकडे गेलं, की जुन्या बाईने ते पुन्हा करायचं नाही, पोर कितीही हटून बसो. "झोप ज्याच्या हातात, मूल त्याचं," संचालिका म्हणाल्या. "मूल नव्या आईपाशी निवांत झोपलं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कोर्टात होकार देत नाही. मग कागद कितीही पक्के असोत." कोर्टाची तारीख सोमवारी. ती हुकली तर कोर्टाला लांबलचक सुट्टी, पुढची तारीख देव जाणे कधी. धाकटीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

भरवणं जमलं. ती निळ्या एप्रनवाली शेजारी बसून धाकटीला दाखवत होती, "चमचा सरळ नका आणू, बाजूने आणा, सरळ आला की ती दात मिटते." धाकटी दातांचीच कारागीर, ते तिने पटकन उचललं. आंघोळही जमली; तिच्या नवऱ्याने बादलीत चष्म्याची रिकामी डबी सोडली आणि ती बुडते की तरते यातच पोरीचं अंग धुऊन झालं. तेव्हा पहिल्यांदा तिने त्या दोघांपुढे गिरकी घेतली. धाकटी हसली, मी तिला किती दिवसांनी हसताना बघत होते.

पण झोप! दुपारी पडदे ओढले की भिंगरी ताठ व्हायची. धाकटीने घेतलं की आकांत. तोंडाने एकच, "मावशी." आता तिथली पोरं त्या निळ्या एप्रनवालीलाच मावशी म्हणायची, त्यामुळे मी म्हटलं, हिला ती बाई हवीय. बाई आली, तर तिच्याकडेही नाही. पोर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करत होती. मी घेतलं. माझ्या मानेत नाक खुपसून तिने दोनचार हुंदके दिले आणि झोपली. असं सलग तीन दुपारी झालं.

तिसऱ्या दुपारी मी तिला खाली ठेवून बाहेर आले, तर धाकटी न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. नळाने काय लपतंय? मी दार वाजवलं. तिने डोळे पुसून दार उघडलं आणि म्हणाली, "ताई, तूच घे तिला. तुझ्याकडे राहते ती. मला मूल द्यायचंच नसेल नशिबात."

"थोबाड फोडीन असलं काही बोललीस तर," मी म्हटलं.   इतके दिवस ज्याचं मला गोड वाटत होतं तो तिच्याच तोंडचा घास होता.

राग कुणावर तरी काढायला हवा होता. तो त्या निळ्या एप्रनवालीवर निघाला. मी तिला मनातल्या मनात थोपटबाई म्हणत होते, कारण दुपारभर ती एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात पोरांना थोपटत असायची. मला वाटलं, हिनेच पोरीला काहीतरी शिकवलंय. हिला सोडायची नाही पोर. मी तरातरा झोपायच्या खोलीत गेले.

आणि दारातच थांबले. आत बारा-पंधरा खाटा असतील. थोपटबाई वाकून एका मुलाच्या पाठीवर मूठ आपटत होती, चांगली धपधप, तर पोर सुखाने डोळे मिटतंय. पुढच्या खाटेवर फक्त दोन बोटं, कानामागे. त्याच्या पुढच्या पोराला हातच लावला नाही, खाटेच्या कडेवर ठोके दिले आणि ते झोपलं. कुणाला कसं लागतं ते तिच्या हाताला पाठ होतं. मी इस्त्री फिरवताना रेशीम, सूत, लोकर बघून हात बदलते आणि त्याचा मला कोण गर्व! ही बाई पोर बघून हात बदलत होती. मी भांडण तिथंच सोडलं.

तिने मला खुणेने आत बोलावलं. भिंगरीच्या खाटेखालून पत्र्याचा डबा ओढला, झाकण काढलं. आत माझा अभ्रा. चुरगळलेला, पण माझाच.

"हा मी रोज दुपारी हिच्या उशाला देते, उठली की डब्यात बंद," ती हळू आवाजात म्हणाली. "नव्या आईचा वापरलेला, न धुतलेला कपडा आम्ही आधीच मागवून घेतो. आई येईपर्यंत पोराला तिचा वास ओळखीचा होतो. मग रडारड कमी." तिने अभ्रा हुंगला. मग माझा हात उचलून सरळ नाकाशी धरला. "ताई, हा कुणी धुतला?"

 लिंबू आणि लवंगा. माझ्या हातांत इतकी वर्षं मुरलेला वास, आंघोळ केली तरी न जाणारा. पोरगी दोन महिने माझ्या दुकानाला कुशीत घेऊन झोपत होती.

"मी," म्हटलं. "मळका होता हो. तेलकट. मला काय माहीत..."

मागे धाकटी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "ताई, तू धुतलास?" तिचा आवाज असा चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. "मी आठ दिवस त्याच्यावर झोपले होते! त्याच्यावर रडले होते मी! आणि तू धुतलास?"

"मग सांगायचं नाही का तोंडाने? की तेही कवळीत अडकलं होतं?" मीही चढले. माझं हे असंच. चूक माझी असली की आवाज दुप्पट होतो. खाटांवरची दोन पोरं दचकून उठली. थोपटबाईने आम्हा दोघींचे दंड धरले आणि आम्हाला बाहेर काढलं, वर्गाबाहेर काढतात तसं. व्हरांड्यात आल्यावर मात्र तिला हसू फुटलं. पदर नव्हता म्हणून तिने एप्रन तोंडाला लावला आणि खांदे हलेपर्यंत हसली.

"हसताय काय?" मी विचारलं.

"कितीतरी अभ्रे आले इथं," ती म्हणाली. "मळके आले, फाटके आले, एकाने तर बायकोचा म्हणून स्वतःचाच पाठवला. पण खळ घालून, इस्त्री करून, घडी मोडू नये म्हणून पुठ्ठा लावून? हा पहिलाच. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी म्हटलं, आई फार टापटिपीची असेल."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना, तो बैल मी. धाकटीला हसू येईना आणि रडूही येईना. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "चुकले गं. तुझं पोर तुझ्याकडे आणल्याशिवाय मी विमानात बसणार नाही." तिने हात सोडवून घेतला नाही, एवढंच.

"शिळी झालेली चूक अवघड," थोपटबाई म्हणाली. "ही ताजी आहे. निघेल. तुमची ती खळ इथं करता येईल का?"

येईल का म्हणजे? स्वयंपाकीणबाईंच्या चुलीवर मी तांदूळ उकळले, लिंबं किसली, लवंगा टाकल्या. धाकटीचे दोन सदरे, एक चादर, सगळं त्यात काढलं. इस्त्री तिथली जुनी, बुडाला चिकटणारी, तिच्याशी भांडत भांडत एकेक कपडा तयार केला. एवढ्या मनाने मी लग्नाचे कपडेसुद्धा केले नव्हते कधी. धाकटी बघत होती. मधेच म्हणाली, "म्हणजे आता तिला माझ्या अंगालाही तुझाच वास यायचा."

"दार आहे ते," थोपटबाईने उत्तर दिलं. "आत जायला लागतं. एकदा आत गेलात की घर तुमचंच. खळ चार धुण्यांत जाते, तुमचा वास राहतो." आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, उद्यापासून तुम्ही तिला दिसायचं नाही. मीही नाही."

"तुम्ही कशाला? तुम्ही तर काही धुतलं नाहीत."

"पोराला दोन दारं उघडी दिसली, तर ते उंबऱ्यातच बसतं," ती म्हणाली. मोठ्याने नाही, सहज, रोजचं काम सांगावं तसं. मला एकदम कळलं की ही बाई हे दर वेळी करते. जेवढी पोरं इथून गेली, तेवढ्या वेळा ती अशी आधी दिसेनाशी झालीय.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी आश्रमाच्या साध्या साबणाने हात लाल होईपर्यंत घासले. दुपारी पडदे ओढले. धाकटी खळीचा सदरा घालून आत गेली, मागोमाग तिचा नवरा. संचालिका दाराशी खुर्ची टाकून बसल्या. आणि आम्ही दोघी मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या आड, एका बाकावर.

रडणं सुरू झालं. आधी कुरकुर, मग भोकाड. "मावशी! मावशी!" आता ती कुणाला हाक मारतेय, मला की हिला, ते पोरीलाच ठाऊक. मी उठले. थोपटबाईने मनगट धरून मला खाली बसवलं. मी पुन्हा उठले. पुन्हा बसवलं. काय पकड हो त्या हाडकुळ्या हाताची!

"अहो, दगड आहात का तुम्ही?" मी म्हटलं. "ऐकवतं कसं?"

"ऐकवत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला वाटतं मला सवय झाली असेल. सवय होत नाही. पण आत्ता ती आईच्या अंगावर रडतेय. एकटी रडत नाहीये. आल्या आल्या तिचं रडणं मी ऐकलंय ना, ते वेगळं होतं. तेव्हा तिला कुणी उचलेल हेच ठाऊक नव्हतं. हाक मारायची सवयच नव्हती. हाक मारायला शिकवायला मला वर्ष लागलं."

 खाली बघितलं तर तिच्या मांडीवर धुतलेल्या लंगोटांची चळत होती, आणि तिचा उजवा हात त्या चळतीवर चालू होता. तळवा वाटीसारखा केलेला, दोन जलद, एक सावकाश. दोन जलद, एक सावकाश. तिला कळतही नव्हतं. ती भिंगरीला थोपटत होती, भिंतीपलीकडून.

मला रडू आलं. मी रडते तेव्हाही आवाज करून रडते, म्हणून एक ओली चादर तोंडात धरली. माझ्या हयातीत मी पुष्कळ माणसं बघितली, देणारी बघितली. देताना आपलं नाव कोपऱ्यात घालून देणारीच बहुतेक. ही बाई पोर वाढवते, हाक मारायला शिकवते, आणि ती हाक दुसरीला मिळावी म्हणून चादरीमागे बसते. मी तिचा डावा हात घट्ट धरला. तिनेही धरू दिला.

आतला आवाज बारीक होत गेला. मग नुसते हुंदके. मग काहीच नाही. थोपटबाईचा हात तेवढा चालूच होता. दार करकरलं आणि धाकटीचा नवरा चपला हातात घेऊन चोरासारखा बाहेर आला. विनोद करणारा तो माणूस, त्याच्या चष्म्याच्या काचा आतून भिजल्या होत्या. "झोपली," तो ओठांनीच म्हणाला. "तिच्या छातीवर. तिचं बोट धरून."

तेव्हा थोपटबाईचा हात थांबला. तिने लंगोट उचलले, एकेक करून घडी घातली, आणि म्हणाली, "चला, बरं झालं." बास. एवढंच.

शनिवारी झोपली, रविवारीही झोपली, रविवारी तर भोकाडही नाही. सोमवारी संचालिका कोर्टात उभ्या राहिल्या आणि ठणठणीत आवाजात होकार दिला. निघायच्या दिवशी आश्रमाची सगळी माणसं फाटकाशी आली, स्वयंपाकीणबाईंनी बेकरीतून पाव आणून आमच्या पिशवीत कोंबले. थोपटबाई मात्र नव्हती. ती कधीच येत नाही म्हणे फाटकाशी. पोराने मागे वळून बघू नये म्हणून.

मी "पाणी पिऊन येते" अशी थाप मारून आत पळाले. ती तान्ह्यांच्या खोलीत होती. खांद्यावर एक नवं बाळ, कालच आलेलं, मुठीएवढं तोंड. त्याला कसं थोपटलेलं चालतं ते ती शोधत होती. एकदा पाठीवर, एकदा कमरेवर. बाळाने तिच्या एप्रनवर दूध काढलं होतं.

"गेली का?" तिने मला न बघताच विचारलं.

"गाडीत बसलीय. आईच्या मांडीवर." मी श्वास घेतला. "बाई, हा एप्रन मला द्या."

तिला वाटलं मी डाग बघून बोलतेय. "अहो, राहू द्या, मी धुते नंतर."

"धुवाल तर बघा!" मी अशी ओरडले की बाळ दचकलं. "असाच द्या. आत्ता अंगावरचा. दुधासकट."

तिने बाळाचं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, "ताई, तिने मला विसरायला हवं. विसरली की माझं काम नीट झालं."

"तुमचं काम तुम्ही केलंत. आता आमचं आम्हाला करू द्या. उद्या मोठी होईल, विचारेल, मी कुणाकडे होते? तेव्हा मी काय दाखवू, कोर्टाचा शिक्का?"

थोपटबाईच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. तिने बाळ माझ्याकडे दिलं, खिशातला चमचा आणि फणी काढून घेतली, एप्रनची मागची गाठ सोडली आणि घडी न घालता तो माझ्या हातात दिला. "आजपर्यंत कुणी मागितला नव्हता," एवढंच म्हणाली, आणि बाळ परत घेतलं.

आता भिंगरी शाळेत जाते. संध्याकाळी दुकानात येते आणि माझ्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये गिरक्या घेते. मला मावशी म्हणते, आणि रात्री झोपायला आपल्या आईकडे पळते. मी कितीही लाडीगोडी लावली तरी राहत नाही. एकदा तिला कडक ताप होता, ग्लानीत काही सुधरत नव्हतं, तेव्हा मी दुकानात पत्र्याच्या डब्यात जपलेला तो एप्रन आणून तिच्या उशाशी ठेवला. तिने तोंड खुपसलं, बराच वेळ. मग धाकटीचा हात धरून आपल्या कमरेवर नेला. धाकटीला कुणी शिकवलं नव्हतं, निदान मी तरी नाही. पण तिचा हात चालू झाला. दोन जलद, एक सावकाश.

एप्रन मी परत दुकानात आणला. खळीच्या बरण्यांच्या वर, डब्यात आहे. त्याच्यावर खिशाजवळ दुधाचा डाग आहे, आता पिवळा पडलाय. गिऱ्हाईक कधी डबा उघडा बघतं आणि म्हणतं, बाई, तुमच्या दुकानात हा डाग? खरं तर तो काढायला मला पाच मिनिटं लागतील. मी म्हणते, हो, आहे डाग, आणि झाकण लावते.